पहिलं दळण लेकरायचं

सुदामभाऊंची चक्की बुटीबोरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी होती. आता तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, काचेचं, चकचकीत. तरी मी तिथून जाताना नाकाला पदर लावतेच. पीठ कुठलं आता! पण हात आपोआप वर जातो. मग भाऊ आठवतात, आणि माझा दिवस खराब जातो.

उंच, वाळकुडा माणूस. अंगात बनियन, कमरेला लुंगी, डोक्याला दुपट्टा बांधलेला. भुवयांवर सदा पीठ बसलेलं असायचं, त्यामुळं हे गृहस्थ चिडलेत की हसतायत ते लवकर कळायचं नाही. चक्कीच्या दारावर खडूनं लिहिलेलं असायचं, 'पहिलं दळण लेकरायचं. भांडू नये.' पावसानं पुसलं गेलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तितक्याच वाकड्या अक्षरात.

आणि लोक भांडायचेच. उन्हाळ्यात तिखटाचा हंगाम आला की भिवापूरच्या मिरचीची पोती घेऊन माणसं सकाळपासून उभी. भाऊंकडं दोन मशिनी होत्या, एक धान्याची आणि एक तिखटाची, पण खोली एकच. तिखटाची मशीन सुरू झाली की सगळीकडं मिरचीचा खकाणा. एकदा कुणीतरी घाईघाईत लेकराचे तांदूळ तिखटाच्या मशिनीत ओतले होते म्हणे. तेव्हापासून रोज सकाळी भाऊ आधी धान्याची मशीन पुसून, झाडून स्वच्छ करायचे, तान्ह्या मुलांच्या पिठाच्या पिशव्या दळून द्यायचे, आणि मगच बाकीच्यांकडं बघायचे. कुणी फार कटकट केली तर म्हणायचे, "साहेब, तुमची मिर्ची घंटाभर थांबन तर तिखटच राहीन. लेकराचं थांबन तर लेकरू रडन." पीठ पिशवीत भरण्याआधी चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि मग मान हलवून पिशवी द्यायचे. प्रत्येक पिशवीला हे. मी खूप चिडवायची त्यांना, "भाऊ, सगळ्या गल्लीची खीर तुम्हीच खाऊन घ्या!" तर म्हणायचे, "बाई, तुमी वजन करा. मले चव पाहू द्या."

बाई म्हणजे मी. त्या गल्लीतली अंगणवाडी माझी. आमच्याकडं सगळी वस्ती बाहेरून आलेल्यांची. कापडाच्या नाहीतर लोखंडाच्या कंपनीत नवरा, दहा बाय दहाची खोली, आणि खोलीत एक पोरसवदा बाई, मांडीवर मूल. कुणी बंगालची, कुणी बिहारची, कुणी ओडिशाची. मी वजनकाटा घेऊन घरोघर जायची आणि ओरडायची, सहा महिने झाले, वरचं सुरू करा, नुसत्या दुधावर ठेवू नका. माझ्याजवळ वाटीचं चित्र असलेला छान रंगीत तक्ता होता. त्या तक्त्याला कुणी भीक घालत नव्हतं. एकीची सासू दरभंग्याहून फोनवर सांगायची की दात आल्याशिवाय धान्य द्यायचं नाही. दुसरी पंडिताच्या मुहूर्तासाठी अडलेली. आणि सगळ्यांत जास्त अडायचं ते मामापाशी. आपल्याकडं उष्टावणाला बाळाचा मामा लागतो ना, तसाच त्यांच्याकडंही लागतो. पहिला घास मामानं द्यायचा. आता मामा बसलाय केरळात इमारतीच्या कामावर, त्याला सुट्टी नाही, आणि इथं लेकरू आईच्या हातातल्या पोळीवर झडप घालतंय, आणि आई पोळी लपवते आहे. असं बघितलं की माझं डोकं फिरायचं. पण ओरडून काय होतं? आपला मुलूख सोडून आलेल्या माणसाजवळ दोन-चार गोष्टी असतात जपायला. त्यातली एक तुम्ही ओढायला गेलात की ती माणसं दारच लावून घेतात.

सुदामभाऊ या भानगडीत कसे आले ते सांगते. त्यांचा मुलगा नितीन कापडाच्या कंपनीत होता. मोठा गुणी मुलगा. आई लवकर गेली, तेव्हा धाकटी मयूरी पाळण्यात होती. तिच्या उष्टावणाला कुणी मामा आला नाही, आजोळचं येणंजाणंच तुटलं होतं. तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या नितीननं बहिणीला मांडीवर घेतलं आणि खिरीचा पहिला घास दिला. हे भाऊंनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी ते बघितलंय असंच मला वाटतं. "हिचा मामा नाई आला तर काय झालं," नितीन म्हणाला होता, "हिच्या लेकराचा मामा मी आहोच ना."

नितीनच्या कंपनीत तपन नावाचा बंगाली मुलगा होता. त्याची बायको झरना नितीनला राखी बांधायची. तिचा सख्खा भाऊ लांब, म्हणून तिच्या बाळाला पहिला भात नितीननं भरवायचा असं ठरलं होतं. आणि वर्धा रोडवर नितीनच्या गाडीला ट्रकनं उडवलं. मयूरी त्याच वर्षी शिकायला जर्मनीला गेली होती. तिला येता आलं नाही. भावाचं शेवटचं सगळं तिनं फोनवर पाहिलं, आणि फोन धरून मी उभी होते. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

त्यानंतर भाऊंनी चक्की बंद केली. आतून कडी लावून पोत्यांवर पडून असायचे. इकडं झरनाच्या बाबूचं वजन अडलेलं. त्यांच्यात मुलाचा भात सम महिन्यात लागतो. सहावा महिना नितीनच्या दुःखात गेला, आता आठवा चालू होता, तोही गेला तर थेट दहावा. मी तिला म्हटलं, चल, नितीनच्या जागी भाऊंनाच भरवायला बोलावू. आणि दोघी जाऊन दार ठोठावलं.

भाऊ भडकलेच. "काहून आल्या तुमी? माह्या घरचा दिवा गेला, अन् तुमी मले खीर खाऊ घालाले बोलावता?"

झरनानं बाबूला खाली पोत्यांजवळ बसवलं आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. बाबूनं पोत्याचं टोक धरलं आणि चोखायला लागला. गव्हाचं पीठ चिकटलेलं टोक. ते मूल असं चोखत होतं की बघवत नव्हतं. भाऊ बघत राहिले. मग उठले, मशिनीवरचं फडकं काढलं, आणि पुसायला लागले. "तांदूळ कोणता चालते तुमच्यात?" पाठमोऱ्यानंच विचारलं. झरना म्हणाली, "गोविंदभोग. इधर नहीं मिलता, काका." भाऊ म्हणाले, "चिन्नोर आहे. वासाचाच तांदूळ होय. चालन."

तो समारंभ मी जन्मात विसरणार नाही. झरनानं थर्माकोलचा मुकुट केला होता बाबूसाठी. भाऊ नितीनचा पांढरा शर्ट घालून आले, हातांत जरा आखूड होणारा. ताटात खीर, भात, भाजी आणि एक मासा, चांगला डोक्यासकट. भाऊ माळकरी नव्हते, पण घरात अंडंसुद्धा न शिजवणारा माणूस. माशाकडं बघून त्यांचा चेहरा असा झाला की मला त्या प्रसंगीही हसू फुटलं. तपन घाबरून म्हणाला, "मामाजी, मछली रहने दीजिए." भाऊंनी हात वर केला. "थांब गा. नितीन असता तर भरवली असती का नाई? मंग." आणि बोटांनी काटा काढून काढून माशाचा कण बाबूच्या जिभेवर ठेवला. घरी जाऊन हात किती वेळा धुतले ते त्यांचं त्यांनाच माहीत.

त्या दिवशी मी त्यांची आणखी एक सवय पहिल्यांदा पाहिली. मुलाला भरवताना आपलं तोंड आपोआप उघडतं, सगळ्यांचंच. पण भाऊंचं नुसतं उघडायचं नाही. घास मुलाच्या तोंडात गेला की ते मूल गिळेपर्यंत भाऊंचं तोंड उघडंच. मुलानं गिळलं की भाऊही रिकामाच घास गिळायचे, गळ्याची घाटी वरखाली व्हायची, आणि मग पुढचा चमचा. झरना डोळे पुसता पुसता हसली.

पुढं काय, बोलबाला झाला. खोलीखोलीतून बोलावणी यायला लागली. चक्कीवाले मामा, चक्कीवाले मामा! बिहारच्यांकडं खीर, ओडिशावाल्यांकडं आणखी काही, एका नेपाळी चौकीदाराच्या पोरीला त्यांनी चांदीच्या नाण्यानं भरवलं. कुणाला त्यांची रीत मोडू दिली नाही, पण रीत पूर्ण करायला उशीरही करू दिला नाही. एखादी म्हणाली की आमचा भाऊ होळीला येणार आहे, तेव्हा करू, तर भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसायचे. "काहून वं पोरी? मामा येईन तवा येईन. भूक तर आजच येऊन राहिली ना? मी आज भरवतो. तुया भाऊ आला की त्याच्या हातानं अजून एकडाव भरव. लेकरू काय नाई म्हणन?" माझा रंगीत तक्ता जे करू शकला नाही ते या वाक्यानं व्हायचं. आणि दर वेळी अंगात नितीनचा शर्ट. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मामा तो होय. मी बदलीवर आहो."

मग मयूरीचा फोन आला की तिला दिवस राहिलेत. तिनं तिकडंच नोकरी धरली होती, लग्न करून तिकडंच राहिली होती. भाऊंचे हात नेहमी पिठाचे, म्हणून फोन सदा स्पीकरवर, आणि मशीनच्या आवाजात बोलायची सवय म्हणून बोलणंही ओरडूनच. त्यामुळं त्या घरातलं काहीच गल्लीपासून लपलेलं नव्हतं. मुलगी झाली, तेव्हा तर गल्लीत चक्कीवरूनच पेढे वाटले. नाव सई.

मयूरीनं बाळ झाल्या झाल्याच सांगून टाकलं होतं, "बाबा, सईला पहिला घास तुम्ही द्यायचा. दादा नाही, तर तुम्ही. सहाव्या महिन्यात इकडं या, तिकीट मी काढते." भाऊंना काय करू नि काय नको झालं. सीताबर्डीवर जाऊन जाड स्वेटर आणला. पासपोर्टच्या फोटोसाठी पहिल्यांदाच भुवया धुतल्या, तर ओळखूच येईनात. चिन्नोर तांदूळ निवडून, धुऊन, सावलीत वाळवून दळला आणि चार पदरी पिशवीत बांधून ठेवला. मयूरी फोनवर तिकडच्या गमती सांगायची. तिकडं म्हणे पहिल्यांदा गाजर उकडून घोटून देतात. आणि काही आया तर भरवतच नाहीत, उकडलेला तुकडा बाळाच्या हातात देतात आणि बाळ आपलं आपण खातं. भाऊंना ते काही केल्या पटेना. "अन् माय काय करते मंग?" त्यांनी विचारलं. मयूरी म्हणाली, "बघत बसते." भाऊ मला म्हणाले, "बाई, त्यायच्याकडं मामाचं कामच नाई."

आणि त्याच महिन्यात त्यांना दम लागायला लागला. आधी पोतं उचलताना, मग नुसतं चालताना. मी ओढूनच धंतोलीला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. फुप्फुसं पिठानं गेलेली, हृदय थकलेलं. डॉक्टर म्हणाले, विमानाचं नावही काढू नका, आणि चक्की आजपासून बंद. बाहेर आल्यावर भाऊ रसवंतीच्या बाकावर बसले, आणि म्हणाले, "मयूरीले सांगायचं नाई."

मी म्हटलं, "असं कसं भाऊ? तिला कळायला नको?"

"तिकडं एकटी पोर. पोट फाडून लेकरू काढलं तिचं, ते अंगावर पिऊन राहिलं. भावाचं फोनवर पाहिलं तिनं, आता बापाचंबी ऐकवू? नाई बाई. माह्या गळ्याची शपथ आहे तुमाले." शपथ घातली मेल्यानं. हो, मी तेव्हा असंच म्हटलं मनात.

मग सुरू झालं टोलवणं. व्हिसा अडला. पुढच्या महिन्यात येतो. सहावा गेला. मयूरी म्हणाली, थांबते. भाऊ म्हणाले, तू सुरू कर, मी आलो की पुन्हा भरवीन. ती म्हणाली, "तुम्ही येणारच आहात ना? मग थांबू की थोडं." भाऊ म्हणाले, फोनवर भरव, मी इथून पाहतो. त्यावर ती म्हणाली, "फोनवर नाही, बाबा. दादाचं फोनवर झालं. सईचं फोनवर नाही होणार." सातवाही गेला. पोरगी बापावर गेलेली, हट्टी. तिकडची डॉक्टरीण रागावून राहिली होती की बाळाचं रक्त कमी होईल, खायला द्या. आणि एक दिवस मयूरीच हसत हसत म्हणाली, "काल माझ्या हातातला पाव ओढला हो तिनं. मी लपवला."

भाऊंच्या हातातलं फडकं खाली पडलं. मी तिथंच होते, अंगणवाडीच्या लेकरांचं दळण न्यायला आले होते. इतकी वर्षं ज्याच्यासाठी लेकरं अडून बसायची, तो न येणारा मामा आता हे स्वतःच होते. ते त्यांना त्या क्षणी कळलं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्यांनी श्वास गोळा केला आणि नेहमीपेक्षाही मोठ्यानं बोलले. "मयूरी, ऐक. मी येत नाई. या महिन्यात नाई अन् पुढच्याबी नाई. चक्की टाकून मले कुठं जायचं नाई. तुमच्या त्या थंडीत काय करू मी? पोरगी दिली, माह्यं काम संपलं. तुयं लेकरू, तू पाय. माह्या भरोशावर राहू नोको."

तिकडून ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही दुनियेच्या लेकरांना भरवलं." आणि फोन बंद.

मी काहीबाही बोलणार होते, शिव्याच घालणार होते, पण भाऊ भिंतीला टेकून धापा टाकत होते. पाणी दिलं. दोन घोट घेऊन म्हणाले, "आता भरवीन ती. रागारागानं भरवीन, पण भरवीन."

त्यानंतर तिचे फोन बंद झाले. डॉक्टरांनी चक्की बंद सांगितली होती, पण भाऊ पहिलं दळण दळायचेच. लेकरांच्या पिशव्या तेवढ्या, बाकी गिऱ्हाईक परत. नाकाला दुपट्टा बांधायचे आणि मला म्हणायचे, आता नाई उडत बाई, चूप राहा. झरना दुपारी वरण-भात आणून द्यायची. बाबू आता शाळेत जात होता.

थंडी संपायच्या आत भाऊ गेले. झोपेतच, पोत्यांशेजारच्या खाटेवर.

मयूरी आली. सई तेव्हा धरून धरून चालत होती. माणसं येऊन येऊन गेली, आणि एका दुपारी आम्ही दोघीच चक्कीत बसलो होतो. मी शपथेतून सुटले होते. सगळं सांगितलं तिला, धंतोली, डॉक्टर, शपथ, सगळं. मला वाटलं होतं ती किंचाळेल. तर ती हळू म्हणाली, "काकू, त्यांनी चक्कीचं कारण सांगितलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. कोण्या पोराला भरवायचं असलं की बाबा चालू चक्की बंद करून जायचे." मग मात्र ती रडली. मशीनला डोकं लावून, आवाज न करता, फार वेळ. सई पोत्याचं टोक धरून उभी होती. मी तिला कडेवर घेतलं आणि बाहेर आले, मला तिथं उभं राहवेना. चार पदरी पिशवीतल्या पिठाला जाळी धरली होती. मयूरीनं ती फेकू दिली नाही, बरोबर घेऊन गेली.

पण मला भाऊ आठवतात ते त्या दिवसांतले नाहीत. भाऊ जायच्या आधीची गोष्ट, मयूरीचे फोन बंद झाल्याला बरेच दिवस झाले होते. मी सकाळी लेकरांचं दळण घेऊन गेले तर चक्कीचा आवाज नाही. जीव धसकला माझा. दारातून डोकावले. भाऊ पोत्यावर बसलेले, अंगात नितीनचा शर्ट, भुवयांवर पीठ. हातात फोन. मयूरीनं व्हिडिओ पाठवला होता. सोबत एक शब्द नव्हता, नुसता व्हिडिओ. उंच खुर्चीत सई बसलेली, गालभर भात माखलेला, समोर मयूरीचा हात आणि चमचा. मुलीला तिनं गाजर दिलं नव्हतं, की तुकडा हातात दिला नव्हता. भात घोटून आपल्या हातानं भरवत होती.

भाऊंना मी आल्याचं कळलं नाही. काचेवरचं पीठ त्यांनी अंगठ्यानं पुसलं आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. चमचा सईच्या तोंडाकडं निघाला, तसं भाऊंचं तोंड उघडलं. सईनं घास तोंडात फिरवला, थोडा बाहेर काढला, पुन्हा आत घेतला. भाऊंचं तोंड उघडंच होतं. मग तिकडं सईनं गिळलं, आणि इकडं भाऊंनी गिळलं.